विमानतळ आणि त्याचे हमसाये : कुंपणापलीकडच्या वस्त्यांचा विचार

विमानतळांना थोरामोठ्यांची नावे दिली जातात. परंतु लोकांच्या तोंडी राहते ते गावाचे नाव. बेळगावचा विमानतळ म्हणजे सांबरा, वडोदऱ्याचा हरणी, इंदूरचा बिजासन, ग्वाल्हेरचा महाराजपुरा, गोव्याचा दाबोळी आणि हैदराबादचा पूर्वी बेगमपेठ व आता शमशाबाद. ही गावे किंवा वस्त्या विमानतळाच्या आधीपासून तेथे होत्या. विमानतळ त्यांच्या शेजारी राहावयास आला, ती विमानतळाच्या शेजारी गेली नाहीत. विमानतळ व आसपासची वस्ती यांच्या संबंधाचा विचार करताना ही साधी गोष्ट बहुधा विसरली जाते.

उर्दूत शेजाऱ्याला 'हमसाया' असा एक सुंदर शब्द आहे. मूळ फारसी शब्दात 'हम' म्हणजे समान किंवा एकत्र आणि 'साया' म्हणजे सावली. ज्यांच्यावर एकच सावली पडते ते हमसाये. विमानतळाजवळच्या वस्त्यांच्या बाबतीत हा शब्द अक्षरशः खरा ठरतो, कारण उतरणाऱ्या विमानाची सावली रोज त्यांच्या पत्र्यांवरून आणि गच्च्यांवरून सरकत जाते. कुरआनमधील सूरह अन्-निसाच्या ३६ व्या आयतीत जवळच्या शेजाऱ्याबरोबरच दूरच्या शेजाऱ्याचाही उल्लेख आहे. शेजार म्हणजे केवळ भिंतीला भिंत लागून असलेले घर नव्हे, ही जाणीव त्यात आहे. विमानतळाचे शेजारपणही असेच दूरवर पसरलेले असते.

विमानतळाला दोन सीमा असतात. एक कुंपणाची, ती सर्वांना दिसते. दुसरी नकाशावर आखलेल्या वर्तुळांची. ती जमिनीवर कोठेच दिसत नाही. कुंपणाच्या आत ज्याची जमीन गेली त्याच्यासाठी मोबदला, पुनर्वसन, न्यायालय असे काही मार्ग तरी असतात. परंतु वर्तुळात राहणाऱ्या माणसाला आपण विमानतळाचे शेजारी आहोत हे बहुधा नोटीस हातात पडल्यावरच कळते. घराची उंची, दुकानातील कचरा, मुलांचे शिक्षण आणि तरुणांचा रोजगार या चारही गोष्टी या अदृश्य वर्तुळांशी बांधलेल्या आहेत. म्हणून ही वर्तुळे कशी आखली जातात आणि त्यांत राहणाऱ्यांचे हक्क व जबाबदाऱ्या कोणत्या, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

जमीन : कुंपणाच्या आतले आणि बाहेरचे

विमानतळाचा पहिला संबंध जमिनीशी येतो. नवी मुंबई विमानतळाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेल्या या विमानतळासाठी पनवेल-उलवे परिसरातील दहा गावे हलवावी लागली. त्यांपैकी अनेक कुटुंबे आगरी-कोळी समाजातील, शेतीवर आणि खाडीतील मासेमारीवर जगणारी होती. या भागातील भूमिपुत्रांच्या लढ्याला जुना इतिहास आहे. नवी मुंबई शहरासाठी झालेल्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात आंदोलन झाले आणि त्यात पाच शेतकऱ्यांनी प्राण गमावले. त्यातूनच संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना पुढे आली. विमानतळासाठी हेच प्रमाण साडेबावीस टक्के ठरविण्यात आले. केवळ पैसे देऊन जमीनमालकाला निरोप देण्याऐवजी वाढणाऱ्या शहरात त्यालाही भागीदार करून घ्यावे, हा या योजनेमागील विचार होय.

तथापि याच प्रकल्पात कुंपणाबाहेरच्या शेजाऱ्याची अवस्थाही दिसून आली. पारगावजवळील डुंगी हे गाव मूळच्या दहा गावांत नव्हते. विमानतळाच्या भूखंडावर प्रचंड भराव पडला, जमिनीची पातळी उंचावली आणि पावसाचे पाणी सखल राहिलेल्या डुंगीत शिरू लागले. जमीन न जाताही गाव राहण्याजोगे उरले नाही आणि अखेर ग्रामस्थांना पुनर्वसनाची मागणी करावी लागली. पाणी सरकारी नकाशावरील रेषा पाहून वाहत नाही, ते उताराने वाहते. प्रकल्पग्रस्त कोण, या प्रश्नाचे उत्तर केवळ सात-बाराच्या उताऱ्यावरून का देता येत नाही, हे डुंगीने दाखवून दिले.

२०१३ च्या भूसंपादन कायद्याने मोबदल्याबरोबर पुनर्वसनाचीही तरतूद केली आहे. ग्रामीण भागात बाजारभावाच्या चौपटीपर्यंत व शहरी भागात दुपटीपर्यंत मोबदला मिळू शकतो. सार्वजनिक-खासगी भागीदारीतील प्रकल्पासाठी ७० टक्के आणि खासगी कंपनीच्या प्रकल्पासाठी ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती लागते. तसेच प्रकल्पाचा गावाच्या जीवनावर काय परिणाम होईल याचा सामाजिक परिणाम अभ्यास करावा, अशी मूळ कायद्याची अपेक्षा आहे. या अभ्यासात जमीनमालकाखेरीज कूळ, शेतमजूर आणि कारागीर यांचाही विचार होतो. मात्र महाराष्ट्र, गुजरात, तेलंगणा आणि कर्नाटक यांसारख्या राज्यांनी पुढे दुरुस्त्या करून काही प्रकल्पांना या अटींतून सूट देण्याची मुभा घेतली आहे. त्यामुळे आपल्या राज्यात कोणत्या कायद्याखाली आणि कोणत्या कलमाखाली अधिसूचना निघाली आहे, हा गावकऱ्यांचा पहिला प्रश्न असावयास हवा.

सुनावणी : मोपाचा धडा

उत्तर गोव्यातील पेडणे तालुक्यात मोपाच्या पठारावर दोन हजार एकरांहून अधिक क्षेत्रात गोव्याचा दुसरा विमानतळ उभा राहिला. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून उड्डाणे सुरू झाली. त्यापूर्वी त्याच्या पर्यावरण मंजुरीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. तो प्रवास प्रत्येक शेजारी वस्तीने अभ्यासावा असा आहे.

२००६ च्या पर्यावरण परिणाम मूल्यांकन अधिसूचनेनुसार अशा प्रकल्पासाठी जनसुनावणी घ्यावी लागते. तिची सूचना किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रांत द्यावी लागते. अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करून द्यावा लागतो. सुनावणीत कोणीही स्थानिक रहिवासी आपले म्हणणे तोंडी किंवा लेखी मांडू शकतो आणि त्याची नोंद इतिवृत्तात होते. मोपाची जनसुनावणी १ फेब्रुवारी २०१५ रोजी झाली आणि त्याच वर्षी २८ ऑक्टोबरला केंद्राने पर्यावरण मंजुरी दिली. तिला आव्हान देण्यात आले. २९ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही मंजुरी स्थगित ठेवून तज्ज्ञ समितीला फेरविचार करावयास सांगितले. प्रकल्पाच्या मूळ अर्जात आसपासच्या जंगलांची व संवेदनशील क्षेत्रांची माहिती पूर्णपणे दिलेली नव्हती आणि जनसुनावणीतील आक्षेपांचा समितीने पुरेसा विचार केला नव्हता, हे मुद्दे न्यायालयाने गंभीर मानले. समितीने नव्या अटी घालून पुन्हा शिफारस केली आणि जानेवारी २०२० मध्ये न्यायालयाने स्थगिती उठविली. अटींच्या पालनावर देखरेखीचे काम नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेकडे, म्हणजे 'नीरी'कडे सोपविण्यात आले.

विमानतळ झालाच, मग या खटल्याने काय साधले, असे कोणी विचारील. साधले ते हे की, सुनावणीत नोंदविलेला आक्षेप हा केवळ कागद नसून त्याला उत्तर देणे शासनावर बंधनकारक आहे, हे तत्त्व ठसठशीतपणे मांडले गेले. २०१५ च्या इतिवृत्तात जे आक्षेप लिहिले गेले, तेच २०१९ मध्ये न्यायालयात उपयोगी पडले. ज्या वस्तीतून सुनावणीला कोणीच जात नाही, तिच्या बाजूने इतिवृत्त मुके राहते.

उंची : गच्ची, टाकी आणि मिनार

विमानाला उतरण्यासाठी व उडण्यासाठी मोकळे आकाश लागते. धावपट्टीच्या टोकापासून एक कल्पित उतार वर चढत जातो. मोठ्या धावपट्ट्यांसाठी तो साधारणपणे ५० मीटर अंतराला एक मीटर उंची असा असतो. या उताराला छेदणारे बांधकाम चालत नाही. त्याशिवाय धावपट्टीभोवती सुमारे चार किलोमीटरपर्यंत, विमानतळाच्या पातळीपासून ४५ मीटर उंचीवर एक कल्पित सपाट छत मानले जाते. त्यापलीकडे हे छत हळूहळू वर जाते. ही सर्व गणिते २०१५ च्या उंची-निर्बंध नियमांत आली आहेत. शहराच्या कोणत्या भागात किती उंचीपर्यंत परवानगीची गरज नाही आणि कोठे भारतीय विमानतळ प्राधिकरणाचे ना हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागते, हे दाखविणारे रंगीत नकाशे स्थानिक स्वराज्य संस्थांकडे असतात. दाबोळीसारखे जे तळ संरक्षण दलाच्या ताब्यात आहेत, तेथे ही संमती त्या दलाकडून मिळवावी लागते.

येथे एक बारकावा ध्यानात ठेवण्यासारखा आहे. परवानगीची उंची समुद्रसपाटीपासून मोजली जाते, घराच्या जोत्यापासून नव्हे. त्यामुळे सखल भागातील इमारतीला चार मजले मिळतात आणि टेकडीवरील घराला दोनच. शेजारच्याला मिळाले मग आम्हाला का नाही, या तक्रारीचे मूळ पुष्कळदा येथे असते. दुसरे म्हणजे, मोजमाप इमारतीच्या शेवटच्या टोकाचे असते. गच्चीवरची पाण्याची टाकी, मोबाइलचा मनोरा, मशिदीचा मिनार, देवळाचा कळस आणि चर्चचा मनोरा हे सर्व त्यात धरले जातात. मिनाराची उंची वाढविण्यासाठी वर्गणी गोळा करण्याआधी नकाशा पाहिला, तर पुढचा खर्च आणि मनस्ताप दोन्ही वाचतात. अडथळा ठरलेली बांधकामे कमी करण्याचे किंवा पाडण्याचे नियम १९९४ पासून अस्तित्वात आहेत.

हे निर्बंध जाचक वाटले तरी निरर्थक नाहीत. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेले विमान उड्डाणानंतर काही क्षणांतच मेघाणीनगर येथील वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर कोसळले. विमानातील २४२ पैकी २४१ जण मृत्युमुखी पडले आणि जमिनीवरील १९ जणांनी प्राण गमावले. जमिनीवरच्या त्या माणसांनी विमानाचे तिकीट काढलेले नव्हते. ते केवळ शेजारी होते. उड्डाणमार्गाखाली दाट वस्ती वाढू देणारी नगररचना ही त्या वस्तीचीच फसवणूक असते. गरीब माणूस स्वस्त जागा शोधत तेथे येतो. त्याला ती जागा स्वस्त का आहे, हे कोणी सांगत नाही.

पक्षी, कचरा आणि कुर्बानी

विमान नियम १९३७ मधील ९१ वा नियम विमानतळाच्या मध्यबिंदूपासून दहा किलोमीटरच्या परिघात जनावरांची कत्तल करण्यास, कातडी सोलण्यास आणि पक्ष्यांना आकर्षित करणारा कचरा टाकण्यास मनाई करतो. १ जानेवारी २०२५ पासून १९३४ च्या कायद्याची जागा भारतीय वायुयान अधिनियमाने घेतली आहे. या परिघातील कत्तल व कचरा यांबाबत नियम करण्याचा अधिकार नव्या कायद्यातही आहे. उल्लंघनासाठी कारावास व दंड अशा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे.

यामागील कारण शास्त्रीय आहे. उघड्यावर पडलेली आतडी, रक्त, माशांची खवले किंवा शिळे अन्न यांवर घारी, गिधाडे व कावळे जमतात. विमान उतरताना आणि उडताना कमी उंचीवर असते आणि पक्ष्यांशी टक्कर होण्याचा धोका त्याच वेळी सर्वाधिक असतो. १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कहून निघालेल्या विमानाची दोन्ही इंजिने हंसवर्गीय पक्ष्यांच्या थव्याने निकामी केली. वैमानिकाने ते हडसन नदीत उतरविले म्हणून सर्वजण वाचले. प्रत्येक विमानाच्या वाट्याला अशी नदी येत नाही. माणसाचा जीव वाचविणे हा शरीअतच्या प्रमुख उद्दिष्टांपैकी एक मानला जातो. त्यामुळे कुर्बानीनंतरचे अवशेष उघड्यावर न टाकणे हा कायद्याइतकाच धर्माचाही भाग ठरतो.

परंतु नियमाचे पूर्ण वाचन केले तर दोन गोष्टी दिसतात, ज्यांची चर्चा क्वचितच होते. पहिली अशी की, नियम केवळ खाटकाच्या दुकानाला लागू नाही. हॉटेल, मासळीचे दुकान, हाडे दळण्याची गिरणी आणि कोणत्याही प्रकारची घाण यांचाही त्यात समावेश आहे. म्हणजे नगरपालिकेने परिघात उघडा ठेवलेला कचरा डेपो हाही तितकाच नियमभंग आहे. दुसरी गोष्ट अशी की, कचऱ्याची योग्य व पुरेशी व्यवस्था झाली असल्याची खात्री पटल्यास नागरी विमान वाहतूक महासंचालक लेखी परवानगी देऊ शकतात. म्हणजे नियमाचा रोख व्यवसायापेक्षा त्यातून होणाऱ्या घाणीवर आहे.

बंगळूरच्या येलहंका हवाई तळावर २०२३ आणि २०२५ मध्ये झालेल्या हवाई प्रदर्शनांच्या वेळी महापालिकेने याच नियमाच्या आधारे २०२३ मध्ये दहा आणि २०२५ मध्ये तेरा किलोमीटरच्या परिघात मांसविक्री आणि हॉटेलांतील मांसाहारी पदार्थ काही आठवड्यांसाठी बंद ठेवावयास लावले. रोज विकून रोज खाणाऱ्या दुकानदारासाठी एवढे दिवस म्हणजे कर्ज काढण्याची वेळ. बंदी घालणे प्रशासनाला सोपे जाते. बंद पेटीतून अवशेष उचलणारी गाडी रोज वेळेवर पाठविणे अवघड. शेजाऱ्यांनी मागणी करावयाची ती या गाडीची. दाबोळीपासून दहा किलोमीटर मोजले तर वास्को शहर, तेथील मासळी बाजार आणि मांसविक्रीची दुकाने त्यात सहज येतात. अशा प्रत्येक ठिकाणी विमानतळाच्या परिसर व्यवस्थापनासाठी समिती असते. तिच्या बैठकीत कचरा, कत्तलखाने आणि पक्षी यांवर चर्चा होते. बकरी ईदच्या आठवडाभर आधी इशाऱ्याचे पत्र येण्याची वाट पाहण्यापेक्षा, दोन महिने आधी कुरेशी जमातीच्या प्रतिनिधींनी आणि मशिदीच्या विश्वस्तांनी समितीकडे व पालिकेकडे कुर्बानीच्या जागा, अवशेषांच्या पेट्या आणि वाहनांचे वेळापत्रक लेखी मागावे, हा अधिक शहाणपणाचा मार्ग आहे.

आवाज : शाळेच्या छपरावरून

आवाज डेसिबलमध्ये मोजला जातो. हे माप साध्या बेरजेसारखे चालत नाही. दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. विमानतळ परिसरासाठी मात्र केंद्र शासनाने जून २०१८ मध्ये स्वतंत्र मानके जाहीर केली. वर्षाला ५० हजारांहून अधिक विमानांची ये-जा असलेल्या व्यस्त विमानतळांच्या परिसरात दिवसा ७० व रात्री ६५ आणि इतर विमानतळांच्या परिसरात दिवसा ६५ व रात्री ६० डेसिबल अशी ही मर्यादा आहे. म्हणजे इतर निवासी वस्तीत रात्री ज्याला गोंगाट म्हटले असते, ते विमानतळाच्या हमसायासाठी नियमात बसते.

या आवाजाची खरी किंमत मुले मोजतात. लंडनचा हीथ्रो, ॲमस्टरडॅमचा स्खिपोल आणि माद्रिदचा बाराहास या विमानतळांजवळच्या ८९ शाळांतील ९ ते १० वर्षे वयाच्या २,८४४ मुलांचा अभ्यास २००५ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. शाळेवरील विमानांचा आवाज जसजसा वाढतो तसतसे मुलांचे वाचनाचे आकलन घटते, असे त्यात आढळले. पाच डेसिबलच्या फरकाने ब्रिटनमधील मुले वाचनात सुमारे दोन महिने आणि नेदरलँडमधील मुले सुमारे एक महिना मागे पडत होती. जर्मनीतील म्युनिक येथे १९९२ मध्ये जुना विमानतळ बंद होऊन नवा सुरू झाला. तेव्हा संशोधकांनी दोन्ही ठिकाणच्या मुलांची आधी व नंतर तपासणी केली. जुन्या विमानतळाजवळील मुलांची स्मरणशक्ती व वाचन सुधारले आणि नव्या विमानतळाजवळच्या मुलांचे बिघडले. नुकसान भरून येऊ शकते, हा यातील आशेचा भाग होय.

वर्गात विमान गेले की शिक्षक थांबतो, मुले वर पाहतात, वाक्याचा धागा तुटतो. दिवसभरात असे किती वेळा घडते, याची नोंद शाळा ठेवीत नाहीत. ज्या उर्दू किंवा मराठी शाळेचे छप्पर पत्र्याचे आहे आणि खिडक्यांना काचा नाहीत, तेथे आवाज अधिक आत येतो. आणि अशा शाळा बहुधा गरीब वस्तीतच असतात. पुढे दहावीचा निकाल कमी लागला की दोष मुलांना आणि पालकांना दिला जातो. हीथ्रोजवळील हाउन्स्लो भागात एका शाळेच्या मैदानावर मुलांसाठी मातीचे घुमट उभारण्यात आले आणि आवाज अडविण्यासाठी इमारतींना विशेष आवरणे देण्यात आली. फ्रँकफर्टला रात्री ११ ते पहाटे ५ नियोजित उड्डाणांना बंदी आहे; सिडनीत १९९५ च्या कायद्याने रात्री ११ ते सकाळी ६ निर्बंध आहेत. हे सर्व तेथील रहिवाशांनी वर्षानुवर्षे मोजमापे व मागण्या मांडल्यामुळे घडले.

रोजगार : जवळचा शेजारी आणि दूरची नोकरी

विमानतळ म्हणजे केवळ त्रास, असे म्हणणे अन्यायाचे होईल. विमानतळ आला की रस्ते येतात, भाडी वाढतात, कामे निर्माण होतात. म्हणूनच तो दुसरीकडे जातो तेव्हाही शेजाऱ्यांनाच झळ बसते. २३ मार्च २००८ रोजी हैदराबादची प्रवासी उड्डाणे बेगमपेठहून शमशाबादला गेली. बेगमपेठच्या रहिवाशांचा गोंगाट कमी झाला, पण विमानतळावर विसंबून असलेली टॅक्सी, खानावळ आणि छोटी हॉटेले यांचा धंदाही गेला. दुसऱ्या बाजूला मेहदीपट्टणमपासून आरामघरपर्यंत सुमारे साडेअकरा किलोमीटरचा उड्डाणमार्ग झाला आणि शमशाबादकडच्या जमिनींचे स्वरूपच बदलले. दाबोळीतही आज हीच धास्ती आहे. मोपा सुरू झाल्यावर काही उड्डाणे तिकडे वळली आणि दक्षिण गोव्यातील टॅक्सी व हॉटेल व्यावसायिकांनी दाबोळी चालू राहिला पाहिजे, अशी मागणी लावून धरली. मोपाला मात्र पेडण्यातील टॅक्सीवाल्यांना विमानतळावर आपल्याला जागा मिळावी म्हणून आंदोलन करावे लागले.

नोकऱ्यांच्या बाबतीत सर्वांत मोठी दरी माहितीची असते. विमानतळावर काम करण्यासाठी प्रवेशपत्र लागते आणि त्यासाठी पोलिसांकडून पूर्वचारित्र्याची पडताळणी होते. आधार, शाळा सोडल्याचा दाखला आणि जन्मनोंद यांतील नावांच्या स्पेलिंगमध्ये फरक असला तरी अर्ज अडकतो. उर्दू नावे मराठी, कन्नड, तेलुगू व इंग्रजी कागदपत्रांतून जाताना कशी बदलतात, हे शिक्षकांना चांगले ठाऊक आहे. सामान हाताळणी, मालवाहतूक, सुरक्षा, स्वच्छता, खानपान आणि देखभाल या सर्व क्षेत्रांत दहावी-बारावी झालेल्या तरुणांना वाव असतो. मोपा येथे स्थानिक तरुणांसाठी विमानसेवा कौशल्य प्रशिक्षण केंद्र सुरू करण्यात आले. असे केंद्र विमानतळाच्या करारातच असावे आणि त्यातील जागा परिघातील गावांना आधी मिळाव्यात, ही मागणी कंत्राट होण्यापूर्वी करावयाची असते. कंत्राट झाल्यावर ती केवळ विनंती उरते.

शेजारधर्म : करीपूरची रात्र

शेजारी विमानतळासाठी काय करतात, याचे उत्तर केरळातील मलप्पुरम जिल्ह्याने दिले. ७ ऑगस्ट २०२० च्या रात्री मुसळधार पावसात दुबईहून १९० जणांना घेऊन आलेले विमान कोळिकोड विमानतळाच्या पठारी धावपट्टीवरून पुढे घसरले, खाली कोसळले आणि त्याचे तुकडे झाले. तो करोनाचा काळ होता आणि कोंडोट्टी परिसरावर निर्बंध होते. तरीही करीपूर-कोंडोट्टीचे रहिवासी धावत गेले, जखमींना आपल्या गाड्यांतून रुग्णालयांत पोहोचविले आणि मध्यरात्री रक्तदानासाठी रांगा लावल्या. नंतर त्यांना विलगीकरणात राहावे लागले. २१ जण दगावले, पण शेजाऱ्यांच्या धावपळीमुळे अनेकांचे प्राण वाचले. दोन वर्षांनी, २०२२ मध्ये, बचावलेल्यांनी आणि मृतांच्या नातेवाइकांनी नुकसानभरपाईतून पैसे बाजूला काढून त्या गावासाठी आरोग्य केंद्राची इमारत उभारण्याचा संकल्प जाहीर केला.

याच गावांनी विमानतळासाठी यापूर्वी वेळोवेळी जमिनी दिल्या होत्या. अपघातानंतर धावपट्टीच्या टोकांची सुरक्षा वाढविण्यासाठी पळ्ळिक्कल आणि नेडियिरुप्पु येथील आणखी सुमारे साडेचौदा एकर जागा घेण्यात आली. ज्यांनी प्राण वाचविले, त्यांच्याच दारात पुन्हा मोजणीदार आला. हाजींना निरोप देणाऱ्या आणि आखातातून येणाऱ्या आप्तांची वाट पाहणाऱ्या त्या जनतेला विमानतळ हवाच होता. आपला त्यागही मोजला जावा, एवढेच तिचे म्हणणे होते. विमानतळाशी वैर आणि विमानतळापुढे शरणागती यांखेरीज तिसराही मार्ग असतो. तो म्हणजे हक्काची जाणीव ठेवून केलेला शेजार.

शिक्षणसंस्थांचे काम

हा तिसरा मार्ग आपोआप खुला होत नाही. जपानमधील नारिता येथे शेतकऱ्यांना विश्वासात न घेता जागा ठरविली गेली. त्यातून उसळलेल्या संघर्षात शेतकरी, विद्यार्थी आणि पोलीस अशा सर्वांचेच रक्त सांडले आणि विमानतळ कित्येक वर्षे उशिरा, १९७८ मध्ये सुरू झाला. शासन आणि शेतकरी यांच्यात खुली चर्चासत्रे झाली ती १९९१ नंतर. जी चर्चा आधी व्हावयास हवी होती, ती एका पिढीचे आयुष्य खर्ची पडल्यावर झाली.

आपल्याकडे ही चर्चा वेळेवर व्हावी यासाठी वस्तीजवळची शाळा व महाविद्यालये बरेच काही करू शकतात. उंचीचा रंगीत नकाशा पालिकेकडून मिळवून तो वस्तीत लावणे, हे भूगोलाच्या वर्गाचे काम होऊ शकते. दिवसात किती वेळा वर्ग थांबतो याची नोंद आणि साध्या ध्वनिमापकाने घेतलेली मोजमापे विज्ञानाचे विद्यार्थी वर्षभर ठेवू शकतात; अशी वही हातात असली की आवाजरोधक खिडक्यांची मागणी तक्रार न राहता पुरावा बनते. जनसुनावणीच्या अहवालाचा सारांश सोप्या मराठीत व उर्दूत मांडून जुम्याच्या नमाजनंतर किंवा ग्रामसभेत वाचून दाखविणे, हे भाषेच्या अध्यापकांचे काम आहे. कागदपत्रांतील नावे एकसारखी करून देण्याचे शिबिर दहावीच्या परीक्षेआधीच घेता येईल. आणि सुनावणीला, समितीच्या बैठकीला, पालिकेच्या सभेला स्त्रियांनी जाणे विशेष महत्त्वाचे आहे. कारण रात्रीच्या विमानाने दचकून उठणाऱ्या लेकराला पुन्हा झोपविण्याचे काम बहुधा त्यांच्याच वाट्याला येते.

मोजमापे, नोंदी, वेळेवर दिलेले लेखी म्हणणे आणि सर्व समाजांना बरोबर घेऊन केलेली मागणी, ही शेजाऱ्याची साधने आहेत. डुंगीत शिरणाऱ्या पाण्याने, वास्कोच्या बाजारावर फिरणाऱ्या घारींनी आणि पत्र्याच्या शाळेवरून जाणाऱ्या आवाजाने कोणाचाही धर्म वा भाषा विचारलेली नाही. विमानतळाचे वर्तुळ सर्वांना सारखेच वेढते. त्या वर्तुळात राहणाऱ्यांना ते कोठून कोठे जाते हे ठाऊक असले, तर पुढची नोटीस येण्याआधीच ते बोलू शकतील आणि त्यांचे म्हणणे इतिवृत्तात उतरेल.